कारागृहातील शिक्षण : अभ्यासक्रम शिक्षाधीनांसाठी, गर्दी न्यायाधीनांची

नवी दिल्ली : देशातील कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी आणि अलीकडे संगणकाचेही वर्ग चालतात. मुक्त विद्यापीठांच्या परीक्षा होतात, पदव्या मिळतात, त्या समारंभांची छायाचित्रेही प्रसिद्ध होतात. हे काम खोटे नाही आणि क्षुल्लकही नाही. मात्र या वर्गांची आखणी ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाली आणि कारागृहांत प्रत्यक्षात ज्यांची गर्दी आहे, ती माणसे वेगवेगळी आहेत. कारागृहातील शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षणाची चर्चा बहुधा याच मुद्द्याला वळसा घालून पुढे जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. कारागृहांची एकूण क्षमता ४ लाख ३६ हजारांच्या आसपास होती. म्हणजे शंभर जणांच्या जागेत १३१ माणसे. या बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. त्यांच्यावर आरोप होता, पण दोष सिद्ध झालेला नव्हता. शिक्षा लागलेल्यांची संख्या १ लाख ३३ हजार ४१५ होती. दर चार बंद्यांमागे तीन जण निकालाची वाट पाहणारे, हे चित्र गेली अनेक वर्षे फारसे बदललेले नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने या लोकसंख्येची स्थिती बिकट आहे. जवळपास एक चतुर्थांश बंदी निरक्षर आहेत आणि दहावीपर्यंतही न पोहोचलेल्यांना त्यांत मिळवले तर हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या घरात जाते. साक्षरता, अंकओळख आणि एखादा हातचा धंदा यांची सर्वाधिक गरज असलेला समाजघटक येथे एका छताखाली, ठरावीक वेळापत्रकात आणि बाहेरच्या रोजगाराच्या विवंचनेपासून दूर असा आयताच उपलब्ध असतो. शिक्षण खात्याला बाहेर असा वर्ग मिळणे दुरापास्त.

अडचण काळाच्या हिशेबाची आहे. सुमारे एक तृतीयांश न्यायाधीन बंद्यांचा मुक्काम तीन महिन्यांहून कमी असतो. दुसऱ्या टोकाला ११ हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांपेक्षा जास्त काळ निकालाविना आत आहेत. यांतला कोण कोणत्या गटात मोडणार, हे प्रवेशाच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. ना अधीक्षकांना, ना वकिलाला, ना त्या माणसाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवरील अभ्यासक्रम एक किंवा दोन वर्षांचा असतो. शिक्षाधीन बंद्याची सुटकेची तारीख कागदावर असते, त्यामुळे त्याला तेथे दाखल करणे सोपे जाते. न्यायाधीन बंद्याला उद्या जामीन मिळाला तर तो वर्ग सोडून जाणार आणि जायलाच हवा. कारागृह प्रशासनाच्या नजरेत अशी जागा ‘वाया’ जाते. परिणामी प्रशिक्षणाच्या जागा शिक्षाधीनांकडे वळतात आणि न्यायाधीन बंदी बराकीत दिवस मोजत राहतो.

कायद्याची रचनाही याच दिशेने ढकलते. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम देणे हे कारागृहाचे कर्तव्य आहे. न्यायाधीन बंद्याला काम करण्याची सक्ती करता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण सक्ती नाही याचा अर्थ संधीही नाही, असा व्यवहारात लावला जातो. अभ्यासासाठी दिले जाणारे सर्वात मोठे प्रोत्साहनही शिक्षाधीनांपुरतेच आहे. महाराष्ट्रात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बंद्याला शिक्षेत विशेष माफी मिळू शकते. ही तरतूद प्रभावी आहे. पुस्तक हातात न धरलेली माणसे तिच्यामुळे परीक्षेला बसतात. परंतु ज्याला शिक्षाच लागलेली नाही, त्याला माफी कशातून देणार?

या चौकटीत राहूनही काय साधता येते, याची उदाहरणे देशात आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९४ मध्ये सुरू झाले. पुढे या विद्यापीठाने बंद्यांसाठी शिक्षण विनामूल्य केले. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची केंद्रे मध्यवर्ती कारागृहांत पोहोचली आहेत. शालेय स्तरावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावीची व्यवस्था आहे. तिहारमध्ये शिकलेल्या बंद्यांनी न शिकलेल्यांना शिकवावे, हा ‘पढो और पढाओ’ उपक्रम चालतो. पदवीधर बंदी हा तेथला शिक्षक. या पद्धतीला खर्च जवळपास नाही आणि न्यायाधीन बंद्यालाही ती सामावून घेते. तिची मर्यादा अर्थातच उघड आहे. गर्दी कमी करण्यासाठी बंद्यांना एका कारागृहातून दुसरीकडे हलवले जाते तेव्हा कधी शिक्षक जातो, कधी अर्धा वर्ग.

कौशल्याच्या बाजूला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे प्रशिक्षण आणि उत्पादन यांची सरमिसळ झालेली आहे. कारागृहांतील कारखाने मुळात शासकीय कार्यालयांना खुर्च्या, टेबले, गणवेश, सतरंज्या पुरवण्यासाठी उभे राहिले. तिहारचा कारखाना १९६१ पासून चालतो आणि त्याच्या वस्तू ‘टीजेज’ या नावाने विकल्या जातात. केरळने २०११ मध्ये कारागृहांच्या स्वयंपाकघरांतून चपाती आणि कोंबडीचा रस्सा थेट ग्राहकांना विकायला सुरुवात केली. दोन रुपयांची चपाती हा तेव्हा मोठा चर्चेचा विषय झाला होता. तेलंगणात कारागृह विभाग पेट्रोल पंप चालवतो. या सर्व उपक्रमांचे मोजमाप प्रामुख्याने उलाढालीत होते. कारखान्याला हवा असतो तो एकच काम सफाईने आणि पुन्हा पुन्हा करणारा हात. प्रशिक्षणार्थ्याला मात्र आरेखन वाचण्यापासून गिऱ्हाइकाला दर सांगण्यापर्यंत सगळे यावे लागते. दहा वर्षे केवळ टेबलाचे पाय घासलेला माणूस सुतार म्हणून बाहेर पडत नाही.

मजुरीचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. कैद्यांच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातमधील प्रकरणात सांगितले आणि त्या रकमेतील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची वाटही दाखवली. राज्याराज्यांतील दर आजही एकसारखे नाहीत. या मजुरीचे महत्त्व केवळ खिशातल्या पैशांपुरते नसते. पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ ही योजना सुरू केली. बंद्याच्या आतील कमाईचा विचार करून ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज आणि विनियोग कुटुंबाच्या गरजेसाठी, असे तिचे स्वरूप आहे. घरातला कमावता माणूस आत गेला की मुलांची शाळा सुटते; अशा वेळी हातातले कसब पतपात्र ठरते. मात्र या कसोटीला उतरण्यासाठी आधी नियमित आणि मोबदला असलेले काम हवे. पुन्हा तेच वर्तुळ.

काम कोणाला कोणते मिळते, हा प्रश्नही आता दुर्लक्षित करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. स्वयंपाक एका जातीकडे आणि झाडलोट दुसऱ्या जातीकडे, ही वहिवाट नियमांच्या पुस्तकात विसाव्या शतकानंतरही शाबूत राहिली होती. या निकालाकडे समतेचा निकाल म्हणून पाहिले गेले, ते योग्यच. तो कौशल्य प्रशिक्षणाचाही निकाल आहे, याची दखल कमी घेतली गेली. ज्याच्या हाती वर्षानुवर्षे फक्त झाडू दिला गेला, त्याच्या सुटकेनंतरच्या कमाईची मर्यादा कारागृहानेच ठरवून टाकली होती.

महिला बंद्यांच्या बाबतीत निवड आणखी आक्रसते. २०२२ अखेर देशातील कारागृहांत २३ हजार ७७२ महिला होत्या. त्यांपैकी दीड हजारांहून अधिक जणींबरोबर त्यांची लहान मुलेही होती. स्वतंत्र महिला कारागृहे ३४ आहेत. उरलेल्या ठिकाणी महिला पुरुष कारागृहाच्या एका कोपऱ्यातील विभागात राहतात, आणि कारखाना, ग्रंथालय व वर्गखोल्या बहुधा भिंतीच्या पलीकडे असतात. त्यामुळे त्यांच्या वाट्याला शिवणकाम, भरतकाम, पापड-लोणची येतात. बाजारात या कौशल्यांची रेलचेल असल्याने मोबदला कमी, हे बाहेरच्या बायकांनाही ठाऊक आहे.

मनुष्यबळाच्या पातळीवर देशभरात कारागृहांतील मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे रिक्त आहेत. पहाऱ्यालाच माणसे अपुरी असतील तर बंद्यांना बराकीतून वर्गात नेणे आणि परत आणणे हे पहिल्यांदा कापले जाणारे काम ठरते. बंद्यांवरील खर्चात सर्वात मोठा वाटा अन्नाचा असतो. शिक्षण आणि प्रशिक्षण तळाशी राहते. त्यातही १,३३० कारागृहांपैकी ५७४ उपकारागृहे आहेत. तालुक्याच्या गावी, न्यायालयाच्या आसपास असलेल्या या छोट्या इमारतींत कार्यशाळेला जागाच नाही, आणि तेथे मुक्काम असतो तो मुख्यत्वे न्यायाधीनांचाच.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि काही तर शिक्षणव्यवस्थेत आधीच तयार आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार सुमारे ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक मिळतो आणि तो विद्यार्थ्याच्या खात्यात साठवता येतो. तीन महिन्यांच्या मुक्कामात रोज तासभर शिकणाऱ्याच्या नावे तीन श्रेयांक जमा होऊ शकतात. जामीन झाला तर तो उरलेला भाग गावाजवळच्या प्रशिक्षण केंद्रात पूर्ण करील. दुसऱ्या कारागृहात हलवले तर तेथे. अभ्यासक्रम तुकड्यांत मांडला की ‘जागा वाया गेली’ ही तक्रारच उरत नाही. अडते ते बारीकसारीक गोष्टींपाशी. श्रेयांकाचे खाते उघडायला ओळखपत्र आणि मोबाईल क्रमांक लागतो. बराकीत मोबाईल बाळगणे गुन्हा आहे, आणि अनेकांची कागदपत्रे अटकेच्या दिवसापासून घरी किंवा पोलीस ठाण्यात पडून असतात. प्रवेशाच्या वेळी हे काम करून देणारा एक कारकून नेमणे, ही यातली पहिली गरज आहे.

दुसरी गरज प्रमाणपत्राची. त्यावर कारागृहाचे नाव असेल तर ते नोकरीच्या दारात माणसाच्या आधी बोलते. शिक्षण देशाच्या सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेशी जोडलेले असावे, जेणेकरून सुटकेनंतर ते अडथळ्याविना पुढे चालू ठेवता येईल, असे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम सांगतात. मुक्त विद्यापीठाची पदवी या कसोटीला उतरते. कारागृहातच छापलेली प्रशस्तिपत्रे उतरत नाहीत.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, याचे अमेरिकेतील उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आत शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा कारागृहात परतण्याचे प्रमाण १३ टक्के गुणांनी कमी आढळले. भारतातील वार्षिक अहवालात किती बंद्यांना कोणत्या व्यवसायाचे प्रशिक्षण मिळाले, याचे रकाने असतात. सुटकेनंतर सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जण त्याच व्यवसायात आहेत, हा रकाना नसतो. तो जोडण्यासाठी कायदादुरुस्तीची गरज नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत बाहेरून शिकण्याआधी स्वतःकडे पाहता येईल. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत तत्कालीन औंध संस्थानात १९३९ मध्ये उभी राहिली. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगातून सुचला. तेथे बंदी शेती करतात आणि त्यांना कुटुंबासह राहता येते. राजस्थानातील सांगानेर येथील खुल्या कारागृहातील बंदी दिवसा शहरात जाऊन कमावतात. देशात अशी खुली कारागृहे ९१ आहेत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या स्थितीबद्दल राज्यांकडून माहिती मागवली होती. तेथे प्रवेश मिळतो तो साधारणतः शिक्षेचा काही काळ चांगल्या वर्तनाने काढलेल्यांना. न्यायाधीनांसाठी तेही दार बंदच.

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी आदर्श कारागृह व सुधारसेवा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात व्यावसायिक प्रशिक्षण आणि पुनर्वसनावर भर आहे. कारागृहे हा राज्यसूचीतील विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही, आणि स्वीकारताना ‘बंदी’ या शब्दात न्यायाधीनांना प्रशिक्षणासाठी धरायचे की नाही, हे प्रत्येक विधिमंडळाने ठरवायचे आहे. दरम्यान, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या न्यायाधीनाला, विशिष्ट अपवाद वगळता, संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा मार्ग १ जुलै २०२४ पासून खुला झाला आहे. या तरतुदीमुळे अशा अनेकांच्या मुक्कामाची कमाल मुदत प्रथमच आगाऊ मोजता येऊ लागली आहे. अभ्यासक्रमाचे वेळापत्रक आखायला कारागृह प्रशासनाला हवी असलेली तारीख हीच होती.