रस मुलांनाच काढू द्या

ठाकूरद्वार, झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट आणि चिराबाजारातल्या सर्व शेजाऱ्यांनो,

चैत्रात आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ वाटली जाते, पन्ह्याचे पेले भरले जातात, आणि मुलांना हाक मारली जाते ती फक्त पेले फिरवायला. कैऱ्या उकडणं, गर कोळणं, वेलदोडा कुटणं सगळं आपणच उरकतो. ओटा लहान, खोली लहान, मुलांनी हात घातला की पसारा होतो. या सुटीत तो पसारा होऊ द्यावा, एवढं मागण्यासाठी हे आवाहन.

दर रविवारी सकाळी मजल्यावरच्या एका घरानं गॅलरीत जुने पेपर अंथरावेत आणि मजल्यावरची सगळी पोरं तिथे बसवावीत. मिक्सरची गरज नाही. लिंबाची पिळणी, किसणी, गाळणी आणि मलमलचं स्वच्छ फडकं पुरे. आदल्या संध्याकाळी मुलांना भुलेश्वरला भाजीला सोबत न्या. दोन सारख्या आकाराची मोसंबी त्यांच्या हातात द्या आणि जड कुठलं ते त्यांनाच ओळखू द्या. रस त्यात जास्त असतो. गाजर-बीट किसताना मात्र मोठं माणूस शेजारी हवं. हात, फळं, भांडी धुतलेली असावीत, पाणी उकळून गार केलेलं असावं, बाहेरचा बर्फ नको.

मोसंबी पिळताना मुलांना एक काम नक्की द्या. एका पेल्यासाठी किती फळं लागली ते मोजायचं. तीन-चार सहज लागतात. एरवी एका बैठकीत एक मोसंबं खाऊन उठणारं मूल तिघा-चौघांची साखर दोन घोटांत पिऊन टाकतं आणि चोथा गाळणीत राहतो, हे त्याला स्वतःच्या हातानं कळलं पाहिजे. म्हणूनच रस रोजचा नको आणि फळाच्या बदल्यात तर नकोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये दिलेला सल्ला असा: वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊ नये, तीन वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर, सहापर्यंत १८०, त्यापुढे २४०. आपला चहाचा कप धाकट्यांना पुरतो. वरून साखर घालू नका. गाजर-बिटाचा चोथा त्याच दुपारी थालीपिठाच्या पिठात मळा.

जी मुलं वाचू लागली आहेत त्यांना दुकानातल्या डब्यांवरची बारीक अक्षरंही वाचायला लावा. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये काढावा लागला.

आणि एक हात जोडून सांगणं. दुधीचा रस मुलांना देऊ नका. कडू दुधीतलं विष रसातून थेट पोटात जातं आणि त्यानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत. मोठ्यांपैकी कुणी घेत असेल तर आधी एक फोड चाखावी. जराही कडू लागली तर थुंकून टाकावी आणि सगळा दुधी फेकावा. काकडीलाही हाच नियम.

मे महिन्यात कुणाच्या ना कुणाच्या गावाहून रातांबे येतातच. ज्यांच्याकडे येतील त्यांनी पिशवीभर मजल्यासाठी बाजूला ठेवावेत. मुलांनी ते धुऊन, पुसून कोरडे करावेत, मोठ्यांनी अर्धे चिरून द्यावेत, बिया काढून प्रत्येक वाटीत मुलांनी साखर भरावी आणि काचेच्या बरणीत एकावर एक रचावं. हे अमृत कोकम साखरेचंच असतं, तेव्हा पेल्याला दोन चमचे, सणासुदीसारखं. बरणी गॅलरीतल्या उन्हात ठेवायची आणि रस किती चढला हे रोज शाळेच्या पट्टीनं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. बिया टाकू नका. कोकणात त्यांचं मुठेल काढतात, भेगाळलेल्या टाचांना लावतात. ते कसं काढायचं हे मजल्यावरच्या एखाद्या आजींना विचारा आणि मुलांना त्यांच्यासमोर बसवा.

पहिल्या रविवारसाठी किसणी, पिळणी, बरण्या माझ्याकडे आहेत. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी शनिवारी रात्री येऊन घेऊन जाव्यात.

आपली,
ठाकूरद्वारची एक शेजारीण