नोंदीबाहेरच्या स्त्रिया

मोशीत किंवा चाकणच्या वाटेवर दोन कामगार तरुणी एकत्र खोली घेतात, तेव्हा घरमालकाने त्यांची माहिती पोलिसांना कळवणे अपेक्षित असते. त्या नोंदीत नाव, मूळ गाव, कंपनी हे सारे येते. दोघी एकमेकींच्या कोण, हे येत नाही. आलेच तर 'मैत्रीण' एवढेच. बहुतेक जणी खरोखरच मैत्रिणी असतात. पण ज्या जोडीदार म्हणून राहतात, त्यांचा इतिहास पन्नास वर्षांनी कोणी लिहू पाहील, तेव्हा त्याच्या हाती काय लागेल?

अभिलेखागारांत समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देण्याची कल्पना अनेकांना चैनीची वाटेल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९८८ साली मानवी लैंगिकतेविषयीचा स्वतंत्र संग्रह सुरू केला आणि तो अभ्यासण्यासाठी येणाऱ्या संशोधकांना तेथे अनुदानही मिळते. आपल्याकडे मात्र अडचण पैशांच्या आधीची आहे. मुळात कागदच कमी आहेत.

याचे एक कारण कायद्यात दडले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुख्यतः पुरुषांविरुद्ध वापरले गेले. त्यामुळे पुरुषांचा इतिहास निदान खटल्यांच्या कागदांत तरी सापडतो. स्त्रियांची दखल कायद्याने आरोपी म्हणूनही क्वचितच घेतली. त्यांची नोंद आडवाटेने होते: घरच्यांनी दिलेली बेपत्ता झाल्याची तक्रार, हेबियस कॉर्पस याचिका, दोन मैत्रिणींच्या आत्महत्येची छोटीशी बातमी. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले खरे. पण मार्च २०२४ मध्ये अशा याचिका कशा हाताळाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाला घालून द्यावी लागली. घरातून होणारी अडवणूक थांबलेली नाही, याची ही अधिकृत कबुलीच होय.

तरीही महाराष्ट्राची पाटी अगदीच कोरी नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला. तोच पुढे 'लेबिया' म्हणून ओळखला गेला. डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर' चित्रपटाविरुद्ध शिवसैनिकांनी मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले केले, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचला. 'लेबिया'ने पन्नास जणांच्या जीवनकथांवर आधारलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. मुंबईच्या 'स्पॅरो'ने स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचा, तर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील 'कमरा'ने समलिंगी व तृतीयपंथी चळवळींच्या कागदपत्रांचा संग्रह जपला आहे. मात्र यातील बरेचसे साहित्य इंग्रजीत आणि महानगरांपुरते आहे. मराठीत जगलेल्या, कारखान्याच्या पाळीवर गेलेल्या स्त्रीचा आवाज त्यात दुर्मीळ आहे.

म्हणूनच केवळ वाचनासाठी नव्हे, तर संग्रह घडवण्यासाठी अधिछात्रवृत्ती हवी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्यामुळे अशा आर्थिक आधाराचे मोल महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रासारख्या ठिकाणी दरवर्षी एक-दोन जागांपासून सुरुवात करणे अवघड नाही.

मात्र येथे एक पेच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली स्थापन झालेले 'लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्हज' अनेक वर्षे जोन नेसल यांच्या राहत्या घरातच होते. संग्रह विद्यापीठाच्या आवारात न ठेवता समूहातच राहावा आणि वापरासाठी कोणाकडे पदवी मागू नये, हे त्याचे तत्त्व. विद्यापीठाची वृत्ती स्वीकारताना हे विसरता येणार नाही. जिची पत्रे, जिचे छायाचित्र, तिची संमती आधी हवी; नाव झाकण्याचा आणि दिलेले परत घेण्याचा हक्कही हवा. गावी लग्नाची बोलणी सुरू असलेल्या मुलीच्या बाबतीत संशोधकाचा निष्काळजीपणा तिच्या जिवावर बेतू शकतो.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. त्यांची नावे हजेरीपटावर आली. उद्याच्या इतिहासकाराला तो पुरावा पुरेल. मोशीतल्या त्या खोलीसाठी मात्र असा हजेरीपट नाही. तेथील स्त्रियांनी स्वतःहून, हवे तेवढेच सांगावे आणि ते जपणारी जागा असावी, याची तजवीज आताच करायला हवी. सांगणाऱ्या हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.