लाल झेंडा, हिरवा झेंडा आणि खाण कामगाराची भाकरी

चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणीत काम करणाऱ्या आमच्या एका वाचक बंधूंचे चार पानी पत्र मागील पंधरवड्यात आले. अक्षर सुवाच्य, पण राग ओळीओळीत. त्यांची कन्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्राच्या सरांनी तिला 'सोशल डेमोक्रसी आणि ग्रीन पॉलिटिक्स' हा विषय निबंधाला दिला. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, कोळशाच्या खाणी बंद व्हायलाच पाहिजेत." बंधू लिहितात, "ज्या ताटात ती जेवत होती ते ताट खाणीच्या पैशाचे. कॉलेजची फी खाणीची. माझी छाती धुळीने भरली ती तिच्यासाठी. आणि ती मला सांगते, खाण बंद करा! संपादक साहेब, हे हिरवे राजकारण म्हणजे पोट भरलेल्यांची थेरं आहेत की काय, ते एकदा स्पष्ट लिहा. आणि बाबासाहेबांनी सोशल डेमोक्रसी म्हटली ती हीच का, तेही लिहा."

दोन दिवसांनी त्याच पत्त्यावरून दुसरे पाकीट आले. ते कन्येचे. एकच पान. "बाबांनी तुम्हाला लिहिले हे आईने सांगितले. खाण उद्याच बंद करा असे मी म्हणाले नव्हते. बाबा रात्रभर खोकतात म्हणून म्हणाले."

आम्ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली. दोघेही आमचेच. तेव्हा कोणाची बाजू घ्यायची हा विचार सोडून, ज्या देशात हा बाप-लेकीचा वाद दीडशे वर्षांच्या एका पक्षाने आणि त्याच्या निम्म्याहूनही लहान वयाच्या दुसऱ्या पक्षाने भांडून, एकत्र संसार करून, पुन्हा भांडून चालवला, त्या जर्मनीची गोष्ट सांगतो.

त्याआधी बंधूंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत प. पू. बाबासाहेबांनी सामाजिक लोकशाहीचा उल्लेख केला तो स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तिन्ही तत्त्वे एकत्र मानणारी जीवनपद्धती या अर्थाने. ते कोणत्या पक्षाच्या विचारसरणीचे नाव नव्हते. युरोपातील सोशल डेमोक्रसी ही कामगारांच्या पक्षांतून निघालेली विचारसरणी. तिच्याशी नाते शोधायचेच तर ते बाबासाहेबांच्या १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शोधावे. मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन शासनाच्या मालकीची असावी आणि हे घटनेतच लिहून ठेवावे, असे त्यांनी त्यात मांडले. संसदेच्या मार्गाने, रक्तपाताविना समाजवाद, इथपर्यंत दोन्हींचे जुळते. पुढे बाबासाहेब जातीकडे वळतात. जर्मन कामगाराला तो प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

जर्मनीत १८६३ साली फर्डिनांड लासालने लाइपझिग शहरात कामगारांची पहिली राजकीय संघटना काढली. १८६९ मध्ये ऑगस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीब्क्नेख्त यांनी दुसरा पक्ष काढला. १८७५ मध्ये गोथा येथे दोन्ही एक झाले आणि १८९० पासून तो सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणून ओळखला जातो. बेबेल पेशाने कातारी, लाकूड चरकावर धरणारा माणूस. त्याने १८७९ मध्ये स्त्री आणि समाजवाद या विषयावर लिहिलेले पुस्तक त्या काळी गाजले. पुढे १९१९ मध्ये जर्मन प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झालेला फ्रीड्रिख एबर्ट खोगीर-जीन शिवण्याचे, म्हणजे कातड्याचे काम शिकलेला. शिंप्याचा मुलगा. विरोधकांनी त्याच्या धंद्यावरून टिंगल केली, पण तो धंदा त्याच्या नातवंडांच्या कपाळी लिहून ठेवण्याची सोय त्या देशात नव्हती. असो.

पोलादी चॅन्सेलर बिस्मार्कने १८७८ ते १८९० अशी बारा वर्षे या पक्षाच्या सभा-संघटना-वर्तमानपत्रांवर बंदी घातली. त्याच हाताने १८८३ ला आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा आणि १८८९ ला म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला. कामगार लाल झेंड्याखाली जाऊ नयेत म्हणून! म्हणजे आज जगभरचा पगारदार ज्या सवलती हक्काने मागतो, त्यांचा जन्म कामगारांच्या संघटनेच्या धाकातून झाला. कामगार तरीही लाल झेंड्याखाली गेलेच.

मग पक्षात मोठा वाद झाला. एडुआर्ड बर्नस्टाइन १८९९ मध्ये म्हणाला की भांडवलशाही उद्या कोसळणार ही भविष्यवाणी सोडा, मतपेटी, युनियन आणि सहकारी संस्था यांच्या बळावर एक एक हक्क पदरात पाडून घ्या. रोझा लुक्झेंबुर्गने त्याला कडाडून विरोध केला. तिचे म्हणणे, सुधारणेच्या नादात ध्येय विसरले जाईल. विजय कोणाचा झाला? व्यवहारात बर्नस्टाइनचा. पण रोझाची शंका खोटी होती असे म्हणायला आमची जीभ धजत नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये याच पक्षाच्या खासदारांनी महायुद्धाच्या कर्जाला मते दिली. १९१८ च्या क्रांतीत आठ तासांचा दिवस आणि स्त्रियांना मताधिकार मिळाला, तोही याच पक्षाच्या हातून. आणि २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला तेव्हा सभागृहाला नाझी टोळ्यांचा वेढा असताना ९४ जणांनी विरोधी मत दिले, ते सगळे सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात किंवा भूमिगत होते. बाकी सारे पक्ष वाकले. तीन महिन्यांत या पक्षावरही बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५९ मध्ये बाड गोडेसबर्ग येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सची पोथी बाजूला ठेवली. बाजार चालू द्यायचा, पण त्याच्या गळ्यात लगाम घालायचा. नफा होऊ द्यायचा, पण त्यावर कर घेऊन शाळा, दवाखाना, पेन्शन, बेकारभत्ता द्यायचा. आजची सोशल डेमोक्रसी ती ही. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती कन्येने निबंधात अवश्य लिहावी: कारखाना सतत वाढत राहिला पाहिजे. भाकरी मोठी होत गेली तरच वाटणी गोडीगुलाबीने होते.

हिरव्यांनी बोट ठेवले ते इथेच. (हिरवा म्हटले की आपल्याकडे लोकांच्या मनात दुसरेच काही येते. तिकडे तो झाडाच्या पानाचा रंग.) भाकरी ज्या पिठाची ते पीठच संपत आले तर? हवा, पाणी, माती यांचा हिशेब कोणाच्या वहीत आहे? बंधूंना वाटते तसे हे केवळ पोट भरलेल्यांनी सुरू केले नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत व्हील या गावी अणुवीज केंद्राच्या जागेवर जे लोक ठाण मांडून बसले त्यांत द्राक्षमळेवाले आणि शेतकरी होते. आपल्या मळ्यांचे काय होईल ही त्यांची धास्ती. विद्यार्थी आणि शिक्षित मंडळी त्यांना येऊन मिळाली. ते केंद्र कधीच उभे राहिले नाही. अशा चळवळींतून जानेवारी १९८० मध्ये कार्लसरुहे येथे ग्रीन पक्ष स्थापन झाला. पर्यावरण, सामाजिक न्याय, तळातून चालणारी लोकशाही आणि अहिंसा हे त्याचे चार खांब. १९८३ मध्ये ५.६ टक्के मते घेऊन हे लोक संसदेत शिरले ते हातात झाडे-रोपे घेऊन, अंगात स्वेटर. पेट्रा केली त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध. खासदाराने अर्धी मुदत झाली की खुर्ची सोडून दुसऱ्याला द्यायची, असा नियमही त्यांनी केला होता. तो फार काळ टिकला नाही. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना हा नियम वाचून दाखवला तर कोण किती दिवस बोलणे सोडेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मात्र बंधूंची शंका अगदीच निराधार नाही. पुढे या पक्षाचा मतदार प्रामुख्याने शहरी, शिकलेला, शिक्षक-प्राध्यापक-नोकरदार असाच राहिला. खाणीतला आणि भट्टीवरचा माणूस त्यांच्याकडे फारसा गेला नाही.

आता मुख्य गोष्ट, खाणीची. जर्मनीच्या ऱ्हुर खोऱ्यात आपल्या चंद्रपूरसारखीच दगडी कोळशावर उभी गावे. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणीत सुमारे ६ लाख माणसे होती. आकाश इतके काळे की १९६१ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट नेता विली ब्रांट याने ऱ्हुरवरचे आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे अशी मागणी केली. तेव्हा हिरवा पक्ष जन्मायचा होता, आणि ब्रांटला पुष्कळजण हसले! म्हणजे कामगाराच्या छातीची काळजी ही हिरव्यांची मक्तेदारी नाही. खाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस जर्मनीने १९२९ मध्येच कामगारांचा धंदेवाईक रोग म्हणून भरपाईच्या यादीत घातला होता.

त्या खाणी हिरव्यांनी बंद पाडल्या नाहीत, हे बंधूंनी नीट ध्यानात घ्यावे. १९५८ पासून बाहेरचे स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा येऊ लागला आणि बाजारानेच त्या मारल्या. प्रश्न इतकाच होता की खाण मरताना माणूस मरू द्यायचा की नाही. युनियन, सरकार आणि मालक एका टेबलावर बसले. १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीत आणल्या. वयस्कांना लवकर पेन्शन, तरुणांना दुसऱ्या धंद्याचे शिक्षण, बदली दुसऱ्या खाणीत. कोणाही खाणकामगाराला नुसते हाकलून द्यायचे नाही हे तत्त्व ठरले. ज्या खोऱ्यात एकही विद्यापीठ नव्हते तिथे १९६५ मध्ये बोखुमला विद्यापीठ सुरू झाले आणि खाणकामगारांची मुले तिथे शिकली. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटची खाण बंद झाली, तेव्हा कामगारांनी कोळशाचा शेवटचा गोळा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. म्हणजे साठ वर्षे लागली, आणि सरकारी तिजोरीतून अब्जावधी गेले. एवढे करूनही गेल्सेनकिर्शेनसारख्या शहरात बेकारी देशातल्या सर्वांत वाईटांपैकी आहे. आम्ही स्वर्ग दाखवत नाही.

याच्या उलट पूर्वेकडे लाउझित्झ भागात झाले. १९९० मध्ये जर्मनी एक झाला आणि तिथल्या लिग्नाइट खाणींतील बहुतेक कामगार दहा वर्षांत घरी बसले. साठ वर्षांचे काम दहा वर्षांत. त्या भागात आज परकीयांचा द्वेष शिकवणारा उजवा पक्ष जोरात आहे. भाकरी घाईने हिसकावली की माणूस कोणाच्या मांडीवर जाऊन बसतो, हे पाहा.

१९९८ मध्ये लाल आणि हिरवा यांनी प्रथमच देशाचे सरकार एकत्र चालवले. चॅन्सेलर श्रोडर, परराष्ट्रमंत्री योश्का फिशर. त्यांनी जर्मन भूमीवर जन्मलेल्या परदेशी कामगारांच्या मुलांना नागरिकत्वाचा मार्ग १ जानेवारी २००० पासून खुला केला. तुर्की बापाने खाणीत हाडे झिजवायची आणि मुलाने जन्मभर परका राहायचे, हे थांबले. सौर व पवनविजेला हमीभाव देणारा कायदा २००० मध्येच आला. अणुवीज बंद करण्याचा करार झाला, शेवटची तीन केंद्रे अखेर एप्रिल २०२३ मध्ये थांबली. पण अहिंसावाद्यांनी १९९९ मध्ये कोसोवोच्या युद्धाला संमती दिली, तेव्हा त्यांच्याच अधिवेशनात फिशरच्या कानावर लाल रंगाची पिशवी फुटली. आणि २००३ मध्ये श्रोडरने बेकारभत्त्याला कात्री लावण्याची घोषणा केली. २००५ पासून वीस-वीस वर्षे कामावर राहिलेला कारागीर साधारण वर्षभर बेकार राहिला की, कधीच काम न केलेल्याच्या रांगेत येऊन बसू लागला. कामगारांच्या पक्षाने हे केले. कामगार ते विसरले नाहीत.

पुन्हा २०२१ मध्ये दोघे तिसऱ्या एका पक्षासह सत्तेत आले. २०२३ च्या जानेवारीत लिग्नाइटसाठी ल्युट्झेराथ हे गाव रिकामे करण्यात आले. करार हिरव्या मंत्र्यांनी केलेला आणि पोलिसांसमोर चिखलात उभी असलेली पोरे हिरव्यांचीच! त्याच वर्षी घराघरांतली तेल-गॅसची शेगडी बदलण्याच्या कायद्यावरून देश पेटला, कारण खर्च कोण देणार हे आधी सांगितलेच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकार मोडले. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट १६.४ टक्क्यांवर आणि ग्रीन ११.६ टक्क्यांवर आले, आणि अंगमेहनतीच्या कामगारांत सर्वाधिक मते मिळाली ती त्या उजव्या पक्षाला.

तेव्हा बंधू, आपल्या कन्येवर रागावू नका. ती ज्या हवेबद्दल बोलते ती तुमच्याच छातीत जाते. छातीचा एक्स-रे कामाच्या ठिकाणाहून लेखी मागून घ्या, युनियनच्या कार्यकर्त्याला बरोबर न्या, आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. आणि आयुष्यमती कन्येने निबंधात 'खाणी बंद व्हाव्यात' हे वाक्य लिहावे, पण त्याच्या पुढच्याच वाक्यात ऱ्हुरची साठ वर्षे आणि लाउझित्झची दहा वर्षे लिहावीत. निबंध देण्याआधी बाबांना वाचून दाखवावा.

एक गोष्ट मात्र आम्हाला या गोष्टीत कुठेच सापडली नाही. ऱ्हुरमध्ये पेन्शन आणि शिक्षण मिळाले ते नाव मस्टरवर असलेल्या, युनियनच्या कामगाराला. ठेकेदाराच्या माणसाचे काय करायचे, हे जर्मनीकडून शिकता येत नाही. आणि आपल्याकडे ठेकेदाराचा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो ते बंधूंना आम्ही सांगायला नको. त्यांच्या पाळीत कायम किती आणि ठेक्यावर किती, हे मोजून त्यांनी आम्हाला कळवावे. निबंधालाही तो आकडा लागेल.

जयभीम.