शिक्का स्वदेशीचा, हक्क कुणाचा?

‘चिनी माल घेऊच नये.’ ‘हल्लीच्या वस्तू बिघडल्या की टाकूनच द्याव्या लागतात.’ ‘यंत्रातले आपल्याला काय कळणार? कंपनीवाले सांगतील ते खरे.’ एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत, गिरणीत दळण टाकून बसलेल्यांच्या घोळक्यात ही तीन वाक्ये ऐकली नाहीत असा कार्यकर्ता विरळा. पुष्कळदा एकच माणूस एकाच बैठकीत ती तिन्ही बोलून जातो. पहिले वाक्य देशाभिमानाचे, दुसरे चडफडाटाचे आणि तिसरे हताशेचे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे बोलणाऱ्याला वाटत नाही. आपल्यालाही वाटत नाही. म्हणून आपण पहिल्या वाक्यावर वाद घालतो, दुसऱ्यावर मान डोलावतो आणि तिसरे ऐकून सोडून देतो. माझ्या मते ही तिन्ही वाक्ये एकाच प्रश्नाची आहेत, आणि तो प्रश्न मालकीचा आहे.

पहिल्या वाक्यापासून आरंभ करू. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने ५९ चिनी मोबाइल-प्रणालींवर बंदी घातली, आणि संगणकाद्वारे विकल्या जाणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात तयार झाला हे लिहिण्याचे बंधन त्याच वर्षीच्या नियमांत आले. लोकांचा क्षोभ खरा होता. त्याची टवाळी करण्यात काही पुरोगामी मंडळींना जो आनंद झाला तो मला तेव्हाही अस्थानी वाटला. आपण घेतलेल्या वस्तूचा पैसा कोठे जातो हे विचारणे ही स्वदेशीच्या चळवळीने आपल्या समाजाला लावलेली चांगली सवय आहे. हरकत आहे ती हा प्रश्न खोक्यावरील शिक्क्यापाशी संपवण्याला.

कारण शिक्का फार थोडे सांगतो. आज आपल्या देशात मोबाइल फोन प्रचंड संख्येने जोडले जातात, त्यातून रोजगार मिळतो, ही समाधानाचीच बाब आहे. परंतु त्या फोनची बॅटरी आतून चिकटवलेली असते. काही फोन असे असतात की गल्लीतल्या कारागिराने काच बदलली तर यंत्र स्वतःच मालकाला इशारे देऊ लागते, किंवा त्याची एखादी सोय बंद पडते. सुटा भाग बाजारात मिळत नाही, नकाशा कारागिराला दिला जात नाही, आणि अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या गावी असते. तेथे गेल्यावर दुरुस्तीचा असा आकडा सांगतात की माणूस नवा फोन घेऊनच परततो. पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार ज्याला नाही त्याला मालक कसे म्हणावे? तो भाडेकरू आहे. फक्त भाडे त्याने एकरकमी भरले आहे.

हा परदेशी कंपन्यांचाच कावा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा निकाल आठवावा. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात न देणे, स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती आणि साधने नाकारणे, या कारणांसाठी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, रकमेवर वाद झाले. तो भाग येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाची आहे ती चौदा नावांची यादी. तीत जर्मन आहेत, जपानी आहेत, अमेरिकी आहेत, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून टाटा, महिंद्र आणि हिंदुस्थान मोटर्सही आहेत. ग्राहकाला कुलूप लावण्याच्या बाबतीत भांडवलाने राष्ट्रभेद मानलेला नाही.

आपल्या पक्षाच्या परंपरेत या विषयाचा एक जुना धडा आहे, आणि तो आपण अर्धाच लक्षात ठेवला आहे. १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि कोका-कोला कंपनीला देश सोडावा लागला. परकी चलनाचा तो कायदा १९७३ चा, म्हणजे इंदिरा गांधींच्या राजवटीतला. जॉर्ज यांनी तो बजावला. त्या कंपनीने पेयाचे गुपित भारतीयांच्या हाती देण्याऐवजी निघून जाणे पसंत केले. ही कथा आजही शिबिरांतून रंगवून सांगितली जाते. सरकारी कारखान्याने मग ‘७७’ नावाचे पेय काढले, ते फारसे चालले नाही, आणि १९९३ मध्ये कोका-कोला परतही आली. खरे सांगायचे तर गोड पाण्याच्या बाटलीवर राष्ट्राचे काही मोठे अडले नव्हते.

त्याच ओघात, १९७८ मध्ये, आयबीएमनेही येथील धंदा आवरला. ती कथा कोणी सांगत नाही, आणि सांगण्याजोगी तीच आहे. आयबीएमची रीत यंत्रे भाड्याने देण्याची होती. परदेशात जुनी झालेली संगणकयंत्रे येथे वर्षानुवर्षे भाड्यावर चालत. यंत्र ग्राहकाच्या इमारतीत असे, पण त्याची विद्या आणि त्याची देखभाल कंपनीकडे. कंपनी गेली तर ही यंत्रे बंद पडतील आणि कचेऱ्यांचे कामकाज ठप्प होईल अशी भीती घातली जात होती. तसे झाले नाही. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने त्या यंत्रांच्या देखभालीचे काम अंगावर घेतले. नावातच देखभाल असलेली ही संस्था! परक्याने बनवलेले यंत्र सोडवून पुन्हा जोडता जोडता तिचे तंत्रज्ञ इतके तयार झाले की १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था त्यांनी उभी केली. ज्या खिडकीवर तासन्‌तास तिष्ठावे लागे, ती सुसह्य झाली ती दुरुस्तीतून मिळालेल्या विद्येमुळे. २००१ साली सरकारने या संस्थेतील बहुमताचा हिस्सा टाटांना विकला आणि पुढे तिचे स्वतंत्र नावही उरले नाही. याविषयी पक्षाच्या पत्रांतून जेवढे लिहिले गेले त्याच्या शतपट शाई कोका-कोलावर खर्ची पडली असेल.

याहून जुना दाखला चरख्याचा आहे. गांधीजी यंत्रविरोधी होते अशी समजूत करून घेतलेल्यांनी तो मुद्दाम पाहावा. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या : यंत्र झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे, हिंदुस्थानात तयार करून त्याची किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, ते २० वर्षे टिकावे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होऊ नये. अटी कठीण होत्या, बक्षीस कोणाच्या पदरी पडले नाही. पण त्या काळच्या राष्ट्रीय चळवळीने यंत्राकडून काय मागितले हे पाहण्यासारखे आहे. देशात तयार होणे ही अनेक अटींपैकी एक होती, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्याच पंक्तीला बसवला होता. आजच्या एखाद्या स्वदेशी म्हणवणाऱ्या फोनला, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राला किंवा ट्रॅक्टरला ही ५ टक्क्यांची अट लावून पाहावी. डॉ. लोहिया छोट्या यंत्राचा आग्रह धरीत तेव्हा त्यांच्याही मनात हेच होते की यंत्र चालवणाऱ्याच्या आवाक्यात ते राहिले पाहिजे.

आता तिसऱ्या वाक्याकडे वळू : ‘यंत्रातले आपल्याला काय कळणार?’ या हताशेचा फायदा कसा घेतला जातो हे वीजमीटरच्या प्रकरणात महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. महावितरणने राज्यातील सुमारे सव्वादोन कोटी ग्राहकांचे मीटर बदलून आधी पैसे भरण्याचे ‘स्मार्ट’ मीटर बसवण्याची योजना आखली आणि २०२३ मध्ये तिचे ठेके दिले. विरोध वाढला तेव्हा जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना असे मीटर बसवणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर दुसऱ्या नावाने मीटर बदलणे सुरू झालेच.

या वादात बहुतेक चर्चा नवा मीटर जोरात पळतो की नाही यावर झाली. ती शंका स्वाभाविक आहे. परंतु मूळ मुद्दा कायद्याचा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या १५ दिवसांत माणूस बिल तपासतो, तक्रार करतो, उसनवार करतो, युनियनच्या किंवा पक्षाच्या कचेरीत येतो. आधी पैसे भरण्याच्या मीटरमध्ये शिल्लक संपली की तोडणी आपोआप होऊ शकते. तेथे ना नोटीस, ना सही करणारा अधिकारी, ना त्याच्याशी वाद घालण्याची सोय. संसदेने दिलेले संरक्षण संसदेला न विचारता एका पेटीत बंद होते. त्याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये असा मीटर घेण्यास जो तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये असे म्हटले आहे, म्हणजे ती ग्राहकाची खुशी होती. २०२० च्या केंद्रीय नियमांनी तिची सक्ती केली, आणि त्या नियमांचे नाव काय, तर ग्राहकांच्या हक्कांचे नियम! तंत्रज्ञान समजत नाही म्हणून गप्प बसणाऱ्याला सांगायला हवे की हे कळण्यासाठी मीटरची विद्या लागत नाही.

गप्प बसवण्याचे आणखी एक साधन भाषा आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून २०२२ मध्ये राज्याने कायदा सुधारला, व्यापारी न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या मराठी झाल्या, बरे झाले. पण पाटीखालून आत शिरल्यावर काय? वेष्टित मालाविषयीचे २०११ चे केंद्रीय नियम सांगतात की वजन, किंमत, उत्पादक यांची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत हवी असे त्यात नाही. चालेल, एवढेच आहे. खताच्या दुकानावर मराठी अक्षरे फूटभर उंचीची, आणि घरातल्या यंत्राच्या हमीपत्रावर मराठीचा एक शब्द नाही, अशा अवस्थेला भाषेचा विजय म्हणवत नाही. पाटी गिऱ्हाइकाला आत बोलावण्यासाठी असते, तर हमीपत्र त्याला फिर्याद करण्यासाठी. दोहोंपैकी कोणते मराठीत आले आणि कोणते आले नाही, हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे नाही. पाट्यांसाठी काचा फोडणाऱ्या तरुणांनी हमीपत्रासाठी एक साधे निवेदन दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठांना हा सारा विषय मध्यमवर्गीय वाटतो. ग्राहक हा काही वर्ग नव्हे, शोषण उत्पादनात होते, असे ते म्हणतात. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हाही असे म्हणणारे होते. पुढे ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्या कामात आपण मागे राहिलो हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय दुरुस्तीचा प्रश्न श्रमाचाच आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करणारा, मिक्सर आणि पंखे खोलून बसणारा, फोन उघडणारा पोरगा, हे सारे हातावर पोट असलेले कारागीर आहेत. कंपनी जेव्हा सुटा भाग नाकारते तेव्हा ती एका बाजूने पंप बंद पडलेल्या शेतकऱ्याला आणि दुसऱ्या बाजूने या कारागिराला एकाच वेळी नाडते. दोघांना एकत्र आणणारा पक्ष मला तरी दुसरा दिसत नाही.

कंपन्या सुरक्षिततेचे कारण पुढे करतात. हलकी बॅटरी पेट घेते हे खोटे नाही. पण मग अस्सल बॅटरी गल्लीतल्या कारागिराला विकत का देत नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, फोन, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार विभाग तिने घेतले, त्यासाठी एक संकेतस्थळही निघाले. समिती नेमली जाणे चांगले. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचे जे सहा हक्क मोजले आहेत त्यांत दुरुस्ती नाही. तो सातवा हक्क म्हणून तेथे लिहिला जावा, सुटे भाग किती वर्षे मिळतील हे खोक्यावरच छापले जावे, आणि हमीपत्र ज्या राज्यात विकले जाते त्या राज्याच्या भाषेत असावे, ही मागणी पक्षाच्या पुढील अधिवेशनात ठरावाच्या रूपाने यावयास हवी.

ठरावाची वाट न पाहता शाखांना एक काम लगेच करता येईल. २०१९ च्या कायद्याने फिर्याद ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. प्रत्येक शाखेच्या कचेरीत एक वही ठेवावी. दुरुस्ती नाकारलेल्या वस्तूचे नाव, पावतीची तारीख, अधिकृत केंद्राने सांगितलेला आकडा आणि बाजारातल्या कारागिराने सांगितलेला आकडा, एवढे चार रकाने त्यात पुरेत. पावत्या जपून ठेवण्यास लोकांना आजपासून सांगावे. अर्धी प्रकरणे पावती नाही म्हणूनच बुडतात.