गाय वाचली का, तेही लिहा

ग्रामीण महाराष्ट्रात पशुवैद्यांची सल्लामसलत आज व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. तालुक्याचा ग्रुप वेगळा, जिल्ह्याचा वेगळा, कॉलेजच्या बॅचचा वेगळा. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा आणि वांझपणाच्या केसेस पाहणाऱ्यांचा आणखी निराळा. रात्री साडेदहाला कुणीतरी गोठ्यातल्या बल्बच्या उजेडात काढलेले तीन फोटो टाकतं. गाय बसलेली, मान बरगडीकडे वळवलेली. खाली दोन ओळी: 'विऊन दुसरा दिवस. कॅल्शियम दिलं, तरी उठत नाही. मार्गदर्शन व्हावं सर.' दहा मिनिटांत परभणीहून कुणी विचारतं, फॉस्फरस दिलं का? शिरवळला शिकलेला कुणी सांगतो, आधी खुबा निखळला नाही ना ते बघा. तिसरा विचारतो, वार पूर्ण पडली आहे का? गोठ्यात उभा असलेला डॉक्टर आता एकटा नसतो.

याचं मोल शहरातल्या वाचकाला चटकन कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. माणसांच्या डॉक्टरला शंका आली तर तो रक्त तपासून घेतो, सोनोग्राफीला पाठवतो, नाहीच जमलं तर मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देतो. गाय चिठ्ठी घेऊन कुठे जाणार? बसलेली, चारशे किलोची गाय टेम्पोत चढवायला आठ-दहा माणसं लागतात आणि त्या ओढाताणीत तिचा जीव जाऊ शकतो. सिरोंच्याच्या डॉक्टरसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ३०० किलोमीटरहून लांब आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच सांगून ठेवलं होतं की दर ५,००० पशु-एककांमागे (कॅटल युनिट) एक पशुवैद्य हवा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सव्वातीन कोटींहून जास्त पशुधन मोजलं गेलं. त्या हिशेबाने काही हजार डॉक्टर लागतील. प्रत्यक्षात जागा रिकाम्या राहतात आणि एकाच डॉक्टरकडे दोन-दोन, तीन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार येतो. तोच डॉक्टर सकाळी संकरित गाईची अडलेली वीण सोडवतो, दुपारी उस्मानाबादी शेळ्यांना पीपीआरची लस टोचतो आणि संध्याकाळी वन खात्याचा फोन आला की विहिरीतून काढलेल्या बिबट्याकडे धावतो. इतक्या जातींचं सगळं ज्ञान एका डोक्यात मावत नाही. ते ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोबाइलने करून दिली आणि ती पशुवैद्यांनी स्वतःच रुळवली. त्यासाठी शासन निर्णय निघाला नाही, निधी आला नाही.

या ग्रुपमुळे जनावरं वाचतातच, माणसंही वाचतात. समजा, एक बैल संध्याकाळपर्यंत चांगला होता आणि पहाटे मेलेला सापडला. नाकातून, गुदद्वारातून काळसर रक्त येतंय आणि ते गोठत नाही. नवा डॉक्टर विम्याच्या कागदासाठी शवविच्छेदनाची तयारी करतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. अशा वेळी एखाद्या निवृत्त सरांचा मेसेज येतो: 'चाकू लावू नकोस. कानाच्या शिरेतून रक्त घे, काचपट्टीवर लेप कर, आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघ.' सरांना संशय अँथ्रॅक्सचा, म्हणजे आपल्या काळपुळीचा असतो. मेलेलं जनावर उघडलं की त्या जंतूंचे बीजाणू हवा लागून तयार होतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकून राहतात. तिथेच चरणारी उद्याची जनावरं, कातडं सोलणारे हात, स्वतः डॉक्टर, सगळ्यांना त्याचा धोका. पुस्तकात हे प्रत्येकाने वाचलेलं असतं. पण मालक रडतोय, गाव भोवती जमलंय, अशा वेळी पुस्तक आठवायला कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा लागतो.

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत या जाळ्याची ताकद सगळ्यात जास्त दिसली. हा आजार १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, पहिल्यांदा नोंदला गेला आणि भारतात तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओडिशात आढळला. २०२२ मध्ये गुजरात-राजस्थानात गाई मरू लागल्या आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रातल्या त्या मोठ्या साथीला सुरुवात झाली. आपल्या कितीतरी पशुवैद्यांनी तोवर लम्पीची गाय डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. गाठी कशा उठतात, पायांवर सूज कशी उतरते, गाठ फुटल्यावर जखमेत अळ्या कशा पडतात, हे सोलापूर-सांगलीच्या डॉक्टरांनी आधी मोबाइलवर पाहिलं आणि मग गोठ्यात. शेळ्यांच्या देवीची लस गाईला किती मात्रेत द्यायची, दूध उकळून प्यायला चालतं का, हा रोग माणसाला होतो का, या प्रश्नांची उत्तरं फिरत राहिली. हा आजार माणसाला होत नाही, ही साधी गोष्ट गावोगाव पटवून देण्याचं काम त्या ग्रुपमधल्या मजकुरांनी, चित्रांनी केलं. शासनाने मोफत लसीकरण केलं, नुकसानभरपाई दिली, पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेने लम्पीच्या स्वदेशी लसीचं तंत्रज्ञान घेतलं. हे सारं मोठंच काम. पण रोज सकाळी आठ वाजता गोठ्यात जाणाऱ्या माणसाचं धैर्य टिकवलं ते त्याच्या सहकाऱ्यांनी, रात्रीच्या त्या संभाषणांतून.

आणि इथेच माझं मुख्य गाऱ्हाणं सुरू होतं. त्या काही महिन्यांत राज्याच्या गोठ्यांत केवढे प्रयोग झाले! कुणी विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गुळाचा लेह्य दिला, कुणी प्रतिजैविकं पाच दिवस दिली, कुणी तीनच दिवस, कुणी जखमांना हळदीचा लेप लावला. प्रत्येकाने काय दिलं ते ग्रुपवर लिहिलं. त्या गाईचं पुढे काय झालं, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं. आज तुम्ही त्या संभाषणांत मागे गेलात तर तुम्हाला हजारो प्रश्न आणि हजारो सल्ले सापडतील, पण निकाल सापडणार नाहीत. परभणीच्या सरांनी फॉस्फरस सुचवलं, बरं. गाय उठली का? की खुबाच निखळलेला होता? हे कळल्याशिवाय सरही काही नवं शिकत नाहीत आणि ग्रुपमधले दोनशे तरुण डॉक्टर एका अर्धवट गोष्टीवरून धडा घेतात. पुढच्या वेळी गाय बसली की तेच सुचवलं जातं. ज्याचा सल्ला लागू पडला त्याला ते कळत नाही आणि ज्याचा चुकला त्यालाही कळत नाही.

जनावराचं पुढे काय झालं, हे न विचारल्याची फार मोठी किंमत आपल्या देशाने एकदा मोजली आहे. डायक्लोफिनॅक हे स्वस्त आणि गुणकारी वेदनाशामक. लंगडणाऱ्या बैलाला, कासदाह झालेल्या म्हशीला ते टोचलं जायचं आणि जनावराला आराम पडायचा. डॉक्टरचं काम तिथे संपायचं. काही जनावरं मरत, त्यांची मढी गावाबाहेर टाकली जात आणि गिधाडं ती खात. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी गिधाडं झपाट्याने कमी होताना टिपली ती १९९० च्या दशकात. कारण २००४ मध्ये जगापुढे आलं: मेलेल्या जनावराच्या मांसातलं डायक्लोफिनॅक गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. पाकिस्तानातल्या गिधाडांवर झालेला तो अभ्यास मांडणारे लिंडसे ओक्स स्वतः पशुवैद्य होते. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मी यात कुठल्याही डॉक्टरला दोष देत नाही. वेदना थांबवणं हा त्याचा धर्मच होता. पण टोचलेलं औषध जनावर मेल्यावर कुठे जातं, हा प्रश्न कुणाच्याच नोंदवहीत नव्हता. आज एखाद्या ग्रुपवर कुणी 'ताप आहे, लंगडते, काय देऊ?' असं विचारलं आणि पहिलं उत्तर मेलॉक्सिकॅम आलं, तर मला खरोखर बरं वाटतं. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

उलट एका प्रकाराची मला भीती वाटते. ग्रुपवर आलेली औषधांची यादी, मात्रेसकट, स्क्रीनशॉट होऊन बाहेर पडते. मेडिकलवाल्याकडे, पदवी-पदविका काहीच नसलेल्या गावठी डॉक्टरकडे, थेट पशुपालकाकडे. मग शेजारच्या गोठ्यातली म्हैस दिसायला तशीच आजारी, म्हणून तिलाही तेच. फोटोत ताप दिसत नाही, पोटाची हालचाल ऐकू येत नाही, जिभेखालचा वास येत नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर हा खेळ सगळ्यांच्याच जिवाशी आहे. कोलिस्टिन हे माणसांच्या हाती उरलेलं शेवटच्या फळीचं औषध; अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर आपल्याकडे २०१९ मध्ये बंद करावा लागला, तो उगीच नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी यावर कडक राहायला हवं.

आता पुन्हा माझ्या मूळ गाऱ्हाण्याकडे. निकाल न लिहिण्याची कारणं नुसत्या आळसात शोधणं अन्यायाचं होईल. दिवसाला चाळीस केसेस पाहणारा माणूस सातव्या दिवशी त्याच गोठ्यात परत जाऊ शकत नाही. जनावर मेलं तर ते लिहायची लाज वाटते, कारण त्याच ग्रुपमध्ये वरिष्ठ अधिकारी असतात, स्पर्धेतले खासगी डॉक्टर असतात. संसर्गजन्य आजाराची शंका असेल तर आणखी वेगळीच भीती: वर कळवण्याआधी ग्रुपवर का टाकलं, अशी विचारणा होईल. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगांची खबर देणं बंधनकारक केलं आहे. कायदा योग्यच आहे. पण खबर देणाऱ्यालाच नोटीस मिळणार असेल तर खबर उशिरा येते आणि तोवर रोग पुढच्या बाजारात पोहोचलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: सद्भावनेने लवकर शंका मांडणाऱ्या डॉक्टरला, ती शंका चुकीची ठरली तरी, संरक्षण मिळालं पाहिजे. पशुसंवर्धन आयुक्तालयाला हे एका साध्या परिपत्रकाने सांगता येईल.

नोंदी ठेवण्याच्या बाबतीत पशुसंवर्धन खात्याचाच एक जुना पराक्रम आठवावा. बुळकांडी या गुरांच्या रोगाने एकेकाळी गावंच्या गावं रिकामी केली. भारतातला तिचा शेवटचा रुग्ण १९९५ चा, देशाला मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २००६ मध्ये आणि २०११ मध्ये हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. १९९५ नंतरच्या त्या वर्षांत आपल्या पशुवैद्यांनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी काय केलं? गावोगाव जाऊन शोध घेतला आणि 'आढळला नाही' असं लिहीत राहिले. त्या कोऱ्या वाटणाऱ्या नोंदींवर जगाने विश्वास ठेवला. निकाल लिहिण्याची शिस्त या व्यवसायाला परकी नाही.

आता साधनं तर कितीतरी अधिक आहेत. जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, भारत पशुधन प्रणालीत त्याची नोंद आहे, १९६२ या क्रमांकावर फिरती पथकं येतात. ग्रुपवर केस मांडताना बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे लिहिले तर सातव्या दिवशी मालकाला एक फोन करून उत्तर मिळवता येईल. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, अकोला इथे विषयवार प्राध्यापक आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. या विद्यार्थ्यांना एकेका जिल्ह्याच्या केसेसचा पाठपुरावा नेमून द्यावा: फोन करायचा, निकाल नोंदवायचा, महिन्याच्या शेवटी मालकाचं नाव काढून ती नोंद सगळ्यांसाठी खुली करायची. देवणी आणि लाल कंधारीत कोणते आजार वेगळे दिसतात, डोंगरातल्या डांगीला गोचीडताप किती होतो, कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा झालेली जनावरं किती वेळात उपचार मिळाल्यास वाचतात, याची आपल्या मातीतली उत्तरं अशीच मिळतील. परदेशी पुस्तकं होल्स्टिन गाईवर लिहिलेली असतात. आपली गाय उन्हात चरते, कडबा खाते, तिच्या उत्तरांसाठी आपलीच नोंद लागेल.

तोवर वाट बघायची गरज नाही. पशुवैद्य मित्रांनो, या आठवड्यात ग्रुपवर ज्या जनावराबद्दल विचारलंत, त्याचा निकाल त्याच प्रश्नाखाली लिहा. मेलं असेल तर मेलं असं लिहा. तिथे कुणी हसणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी ज्येष्ठांनी घ्यावी. आणि पशुपालकांनो, डॉक्टर येऊन गेल्यावर चार दिवसांनी त्यांना स्वतःहून फोन करा आणि जनावर चारा खातंय की नाही, ते सांगा.