कौशल्य मान्य, पैज अमान्य

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. २४ मार्च, रविवार. सहरी झाली, फजरची नमाज झाली, आणि रोजच्यासारखी जरा आडवी न होता मी मोबाईल आणि एक वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. सोलापुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते. न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या मुलाकडे अजून शनिवारच होता, रात्रीचे आठ. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांची फँटसी बेसबॉल लीग होती. बारा जण लागतात, एक कमी पडत होता. "खाला, तुम्हीच या. तुम्हाला आकड्यांचं वेड आहे," असं तो आठवडाभर मागे लागला होता. तरावीहचं काय, असं मी आधी विचारून घेतलं. उशिरा घरीच पढेन म्हणाला. मग मी हो म्हटलं.

शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. बेसबॉलचा आणि माझा संबंध भाच्याच्या बडबडीपुरता. पण वर्षभर तो फोनवर हेच बोलत असल्यामुळे मलाही त्यात गोडी लागली होती. हा खेळ काय आहे ते आधी सांगते, कारण मला जे मांडायचं आहे ते त्यावरच उभं आहे.

अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. फँटसीत आपण या खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडतो आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. याचं आजचं रूप डॅनिअल ओक्रेंट या लेखक-संपादकाने १९८० च्या मोसमात मित्रांबरोबर सुरू केलं. मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्टॉरंटात ही मंडळी जेवायला भेटत, म्हणून या पद्धतीला रोटिसरी हे नाव पडलं. गंमत अशी की ओक्रेंट स्वतःच्या लीगमध्ये एकदाही जिंकला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्रिकेटच्या ॲपवर हजारो लोक एकच खेळाडू घेऊ शकतात. इथे तसं नाही. एक खेळाडू एकाच्याच संघात. म्हणून निवड पाळीपाळीने होते, तिलाच ड्राफ्ट म्हणतात. शाळेच्या मैदानावर मुलं भिडू निवडतात तसंच, फक्त क्रम सापासारखा वळतो. पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा. बारा जणांत पहिली पाळी मिळालेल्याला १, २४ आणि २५ व्या क्रमांकाचे खेळाडू मिळतात. बारावी पाळी मिळालेल्याला १२, १३, मग ३६, ३७. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा भाच्याला पहिली पाळी आली आणि मला बारावी. तो खूश. मीही नाराज नव्हते. लागोपाठ दोन खेळाडू मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. अडचण एवढीच की १३ नंतर ३६ पर्यंत मधले २२ खेळाडू डोळ्यांदेखत जातात. म्हणून आज काय घ्यायचं यापेक्षा परत पाळी येईपर्यंत काय उरणार नाही, हे आधी ओळखावं लागतं.

इथेच नवखा चुकतो. तो नावाला भुलतो. समजा सर्वांत चांगला फर्स्ट बेसमन ३५ होम रन मारतो, आणि सगळ्यांनी घेऊन झाल्यावर उरलेला फर्स्ट बेसमनसुद्धा २५ मारतो. फरक १० चा. आता समजा सर्वांत चांगला कॅचर २८ मारतो, पण उरलेला कॅचर फक्त १२. फरक १६ चा. मग २८ वाला ३५ वाल्यापेक्षा जास्त मोलाचा ठरतो. खेळाडूची किंमत तो काय करतो यावर नसते, त्याच्या जागी दुसरा कोण मिळेल यावर असते. हे एकदा कळलं की अर्धा ड्राफ्ट कळला.

दुसरी गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असलेली. रोटिसरीत दहा विषय असतात म्हणा ना. फलंदाजीचे पाच: सरासरी, रन, होम रन, इतरांना आणून दिलेले रन आणि चोरलेले बेस. गोलंदाजीचेही पाच. प्रत्येक विषयात बारा संघांचा क्रम लागतो. पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. एकूण १२० पैकी. होम रनमध्ये तुम्ही दुसऱ्यापेक्षा एकाने पुढे असा की शंभराने, गुण १२ च. वरचे नव्व्याण्णव फुकट गेले. गणितात पैकीच्या पैकी आणि मराठीत नापास झालेला मुलगा मी दरवर्षी बघते. त्याच्या आईबापांना जे सांगते, तेच वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: एकाच विषयात रमू नको.

तिसरी गोष्ट, बाजार बदलतो. २०२३ मध्ये नियम बदलले. बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि धावपटूला रोखण्यासाठी पिचर कितीदा थांबू शकतो यावर मर्यादा आली. परिणाम असा की २०२२ मध्ये चोरलेले बेस २,४८६ होते, ते २०२३ मध्ये ३,५०३ झाले. कांद्याची आवक वाढल्यावर भावाचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. जुनी यादी घेऊन बसलेला माणूस अशा वर्षी केवळ पळणाऱ्या खेळाडूला जुनाच भाव देत राहतो.

म्हणजे यात कौशल्य आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे काही जण अशा सगळ्या खेळांना 'निव्वळ नशीब' म्हणून मोकळे होतात. ते खरं नाही, आणि खोट्या कारणावर उभा केलेला योग्य निष्कर्षही टिकत नाही. अभ्यास करणारा दहा वर्षांत अभ्यास न करणाऱ्यापेक्षा पुढेच राहील.

पण त्या मोसमात काय झालं ते ऐका.

भाच्याने पहिल्या पाळीला रोनाल्ड अकून्या घेतला. अगदी बरोबर निवड. आदल्या वर्षी त्याने ४१ होम रन मारले होते आणि ७३ बेस चोरले होते. दुसऱ्या एकाने पहिल्याच फेरीत अकून्याच्याच अटलांटा संघाचा पिचर स्पेन्सर स्ट्रायडर घेतला. २०२३ मध्ये त्याचे २८१ स्ट्राइकआउट होते. स्ट्रायडर दोन सामने टाकून कोपराच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला. २६ मे रोजी बेस चोरायच्या बेतात असलेल्या अकून्याचा गुडघा गेला, ४९ सामन्यांत त्याचा मोसम संपला. भाच्याचा त्या रात्री फोन आला. "खाला, मी चुकलो." मी म्हटलं, "बेटा, तू चुकला नाहीस. तुझा निकाल वाईट लागला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आणि माझं? माझ्या पाळीला शोहेई ओहतानी शिल्लक होता. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो त्या वर्षी पिचिंग करणार नव्हता, आणि फक्त फलंदाज म्हणून घेतला तर आमच्या लीगमध्ये त्याला एकाच मोकळ्या जागेवर खेळवता आलं असतं. ती जागा अडकवायची नाही, असं वहीत लिहिलं होतं. मी नियम पाळला आणि त्याला सोडलं. त्याने ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. एकाच मोसमात दोन्ही पन्नासच्या वर, हे त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. ही मात्र माझी चूक होती. नियम पाळताना समोरच्या माणसाकडे बघायचं राहून गेलं. शिक्षकांकडून वर्गातही हे होतं. मी पाचवी आले. जिंकला तो ड्राफ्टच्या वेळी मधूनच पिझ्झा आणायला गेलेला एक जण. त्याच्या तीन निवडी तर ॲपने आपोआप केल्या होत्या.

आता मुद्द्यावर येते. त्या लीगमध्ये प्रत्येकी १०० डॉलर जमा करायचे होते. मी आधीच सांगितलं होतं की मी पैसे लावणार नाही, जिंकले तर घेणारही नाही. भाचा माझ्याशी वाद घालत होता. "खाला, हा जुगार नाही, हे स्किल आहे. इथल्या २००६ च्या कायद्यातसुद्धा फँटसीला वेगळं ठेवलंय." तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडेही २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं होतं.

पण हेच वाक्य मी आधी दुसऱ्या एका तोंडून ऐकलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी, गॅरेजमध्ये कामाला लागलेला. क्रिकेटच्या संघ लावण्याच्या एका ॲपवर त्याने आईच्या भिशीचे अठरा हजार घालवले. आई विड्या वळते. हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं, हे सोलापुरात विचारा. ती माझ्या घरी येऊन नुसती बसून राहिली. मुलाला बोलावलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "टीचर, हे नशीब नाही. स्किल आहे. पुढच्या वेळी नीट अभ्यास करतो."

या वाक्याची मला भीती वाटते. लॉटरीत हरलेला माणूस नशिबाला दोष देऊन कधीतरी थांबतो. कौशल्याच्या खेळात हरलेला स्वतःला दोष देतो आणि पुन्हा पैसे लावतो. कौशल्य आहे म्हणून तो सुरक्षित नाही. कौशल्य आहे म्हणूनच तो जास्त अडकतो. खेळ रचणारा ओक्रेंट स्वतः जिंकू शकला नाही, तिथे गॅरेजमधला पोरगा 'नीट अभ्यास' करून काय जिंकणार?

मी आलिमा नाही, फतवा देत नाही. पण कुरआनने मैसिरला मनाई केली आहे, आणि मला त्यामागचं कारण साधं वाटतं: माझ्या खिशात आलेला पैसा तुझ्या खिशातून, काहीही न घेता-देता गेलेला असतो. मी हुशारीने जिंकले म्हणून त्या पैशाचं रूप बदलत नाही. श्रद्धा बाजूला ठेवणाऱ्या वाचकालाही हा हिशेब कळेल. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, दोन्ही बंद केले. कारवाई खेळणाऱ्यावर नाही, खेळ चालवणाऱ्यावर आणि त्याची जाहिरात करणाऱ्यावर आहे. या कायद्याच्या तपशिलांवर वाद होऊ शकतात, पण 'कौशल्य की नशीब' हा प्रश्नच चुकीचा होता, हे त्याने मान्य केलं. पैसा कुणाचा जातो, हा खरा प्रश्न.

मग खेळूच नये का? मी असं म्हणत नाही. ड्राफ्टने मला जे शिकवलं ते मी आता वर्गात वापरते. काय उरेल ते बघायचं, एकाच विषयात रमायचं नाही, जुन्या यादीवर विसंबायचं नाही, आणि निकालावरून निवडीला शिव्या द्यायच्या नाहीत. हे सगळं शंभर डॉलर न लावताही शिकता येतं. उलट जास्त चांगलं शिकता येतं. पैसे लावलेला माणूस मे महिन्यात गुडघा गेल्याची बातमी वाचतो तेव्हा त्याला आधी आपले डॉलर आठवतात. मला त्या सव्वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा आठवला.

पुढच्या मोसमात भाच्याने लीगमध्ये पैशांचा विषय स्वतःच काढला आणि जमा करणं बंद करायला लावलं. बारापैकी दोघे सोडून गेले, नवे दोन आले. मग त्याने तोडगा सुचवला, हरणाऱ्याने सगळ्यांना बिर्याणी घालायची. मी म्हटलं, अरे, तीही पैजच झाली. शेवटी ठरलं की मोसम संपला की प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, जिंकणाऱ्यानेही. मी इथून शीरखुर्म्याची कृती पाठवली. दूध किती आटवायचं ते मात्र तो अजून दर वेळी फोन करून विचारतो.