विश्लेषण : पहिल्याच फिश टँकमध्ये ऑस्कर का नको?

मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या अ‍ॅक्वेरियम दुकानांत जा, नाहीतर कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एका दुकानात. दोन इंचांची ऑस्करची पिल्ले सगळीकडे दिसतात. चेहरा बोलका, माणसाला ओळखणारी नजर, किंमतही परवडणारी. मुले हट्ट धरतात आणि जोडी घरी येते. खरी अडचण सुरू होते ती पुढच्या काही महिन्यांत.

ऑस्कर वर्षभरात दहा इंचांच्या आसपास पोहोचतो आणि पुढे फूटभर होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही घराघरांतली नेहमीची पेटी काठोकाठ भरली तरी तिच्यात ५६-५७ लिटरच पाणी मावते. एक फुटाच्या माशाला एक फूट रुंदीत वळताही येत नाही. त्याला किमान चार फुटांची, अडीचशे-तीनशे लिटरची टाकी लागते आणि तो दहा वर्षे सहज जगतो. दुकानदार हे सांगत नाही, हे खरे. पण ‘जोडी कितीला?’ असे विचारणारे ग्राहक ‘हा किती मोठा होतो?’ असे क्वचितच विचारतात.

सिक्लिड म्हणजे नेमके कोण?

ऑस्कर ज्या कुळातला, ते सिक्लिड कुळ मोठे आहे. अमेझॉनच्या खोऱ्यातले एंजल आणि डिस्कस, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे, उजनीच्या पट्ट्यात चिलापी म्हणून ताटात येणारा तिलापिया, हे सगळे सिक्लिडच. गोव्यात काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणून ओळखला जाणारा मासाही याच कुळातला. या कुळाचे वैशिष्ट्य म्हणजे हद्द राखणे आणि पिल्ले सांभाळणे. त्यामुळेच ते पाहायला मजा येते आणि त्यामुळेच ते भांडतात. गप्पी-मॉलीच्या घोळक्यात सहज सोडावेत असे हे मासे नव्हेत.

निवड रंगावरून की नळावरून?

नवख्याने आधी घरातले पाणी पाहावे. मलावीच्या सरोवराचे पाणी क्षारयुक्त आणि जड. सामू साधारण आठच्या आसपास. घरी बोअरवेलचे पाणी असेल, डाळ लवकर शिजत नसेल आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढत असेल, तर तेच पाणी या माशांना मानवते. मात्र त्यांनाही चार फुटांची टाकी आणि लपायला भरपूर दगड हवेत. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकली जाणारी दहा-बारा पिल्ले दोन फुटांच्या पेटीत भरली, तर काही महिन्यांत एकच दांडगा नर उरलेल्यांना कोपऱ्यात दामटून ठेवतो.

याउलट रॅम हा देखणा, दोन-अडीच इंचांचा मासा मऊ आणि उबदार पाण्यातला. आकाराने तो दोन फुटांत बसतो, पण नव्या टाकीत टिकत नाही. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया निरुपद्रवी करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी मांडून संध्याकाळी मासे सोडले की कोणताही मासा त्रासतो. रॅम आधी मरतो. एंजल तुलनेने चिवट, पण त्याला लांबीपेक्षा उंची हवी. एक फूट उंचीत त्याचे पंख कोंडतात. शिवाय मोठा झाला की तो छोटे निऑन टेट्रा गिळतो.

मग दोन फुटांच्या पेटीसाठी काय? सर्वांत सरळ उत्तर क्रिबेन्सिस. पश्चिम आफ्रिकेतला हा मासा नर असला तरी चार इंचांवर जात नाही. पाण्याबाबत फारसा हट्टी नाही. धरणाचे मऊ पाणीही चालते, मध्यम जडही. टाकीत वाळू, एखादी वनस्पती आणि दार पाडलेली नारळाची उपडी करवंटी ठेवावी. मादीचे पोट जांभळट लाल होते, पुढाकारही तीच घेते. करवंटीच्या छताला अंडी चिकटतात आणि मग दोघे मिळून पिल्लांचा थवा वाळूवरून फिरवतात. एका जोडीत सिक्लिड पाळण्याची जवळपास सगळी मजा येते. त्या दिवसांत मात्र तळाशी वावरणाऱ्या इतर माशांना ती बडवून काढते, म्हणून सोबतीला वरच्या थरात पोहणारे मासेच बरे.

फ्लॉवरहॉर्नचे काय?

१९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला हा मासा भरभराट आणतो, अशी समजूत आहे. कपाळाचा उंचवटा जितका मोठा तितका भाव चढा. नशिबाचे ज्याचे त्याने पाहावे. हा मासाही फूटभर होतो, त्याला एकटेच ठेवावे लागते आणि तो पाण्यात घातलेला हात चावतो. पहिल्या टाकीत त्याला जागा नाही.

घरात मावेनासे झालेले मासे अनेकदा जवळच्या तलावात किंवा नदीत सोडले जातात. ते पुण्य नव्हे. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज देशातल्या कित्येक जलाशयांतून तो हटवणे अशक्य आहे. शोभेच्या टाकीतून सुटलेल्या सकर माशाने उजनीतल्या मच्छीमारांची जाळी फाडून त्यांचे नुकसान केले आहे. म्हणून पैसे देण्याआधीच दुकानदाराला विचारून घ्यावे, मासा मोठा झाला तर परत घेणार का?